ऑगस्टा नॅशनल आणि मास्टर्समुळे गोल्फचं खरंच भलं होतं का?

निरंजन_७

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते शेवटी इथे लिहितोय. दर एप्रिलला अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर गोल्फची मास्टर्स ही मोठी स्पर्धा होते, मी तिचे चारही दिवस बघतो, एकही चुकवत नाही, आणि दर वर्षी रविवारी विजेत्याच्या अंगावर ते हिरवं जॅकेट चढलं की आनंद होतो आणि पाठोपाठ मनात काहीतरी खटकतंही. कारण ऑगस्टा नॅशनल हा सगळ्यात बंद क्लब. मेंबर साधारण ३०० च्या आसपास, यादी ते जाहीर करत नाहीत, अर्ज करायची सोय नाही, पैसे आहेत म्हणून आत घेतील असंही नाही, त्यांनी बोलावलं तरच. पहिला कृष्णवर्णीय मेंबर १९९० मध्ये, पहिल्या महिला मेंबर २०१२ मध्ये. म्हणजे १९३४ पासून स्पर्धा चालू आणि बाईला मेंबर व्हायला ७८ वर्षं लागली!

आणि तरीही ज्याने आयुष्यात कधी काठी हातात धरली नाही त्यालाही गोल्फमधली एक स्पर्धा विचारली तर तो बहुतेक हीच सांगेल.

माझी पुतणी १३ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली गोल्फ शिकतेय, परवा माझ्याबरोबर जुने हायलाइट्स बघत बसली होती आणि मधेच म्हणाली, काका, जे आपल्याला कधी घरी बोलावणार नाहीत त्यांच्या घरचं लग्न आपण एवढं कौतुकाने का बघतोय? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारतोय. असा क्लब आणि त्याची स्पर्धा यातून खेळाला काही मिळतं, की गोल्फ म्हणजे मूठभर श्रीमंतांचा खेळ हा समज अजून पक्का होतो? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मला तिला नीट सांगायचंय.

दूरचा_प्रेक्षक

प्रश्न चांगला आहे आणि माझं उत्तर होय, खेळाला मिळतं, आणि बरंच मिळतं. आता कारण सांगतो.

बाकीच्या मोठ्या स्पर्धा बघा, टी-बॉक्सच्या (जिथून होलचा पहिला फटका मारतात) मागे बोर्ड, होलला कंपनीचं नाव, स्पर्धेच्या नावात बँक, दर सहा मिनिटांनी जाहिरात. मास्टर्समध्ये यातलं काही नाही. सीबीएस १९५६ पासून दाखवतंय पण करार एकेका वर्षाचा, आणि जाहिराती तासाला चारच मिनिटं. टीव्हीवाल्यांकडून क्लबला यापेक्षा कितीतरी जास्त पैसे काढता आले असते, त्यांनी ते सोडून दिले आणि त्या बदल्यात खेळ सलग दाखवायला लावला. हे कोण करू शकतं? ज्याला शेअरहोल्डर नाहीत, टूर कमिशनर नाही, कोणाला वार्षिक हिशोब दाखवायचा नाही तोच. म्हणजे जो खाजगीपणा आपल्याला खुपतो त्याच खाजगीपणामुळे हे जमतं, दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

दुसरं उदाहरण लिव्ह गोल्फचं, म्हणजे सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या स्पर्धामालिकेचं. २०२२ मध्ये खेळाडू तिकडे गेले, पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक मालिकेने, त्यांना निलंबित केलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, सगळा खेळ दुभंगला. त्या भांडणात २०२३ चं मास्टर्स आलं आणि क्लबने सरळ सांगितलं की जे आमच्या निकषात बसतात त्यांना आमंत्रण मिळेल, कुठे खेळता याच्याशी संबंध नाही. त्या वर्षी जॉन राम जिंकला आणि त्याच्यामागे दुसऱ्या नंबरवर ब्रूक्स केप्का आणि ५२ वर्षांचा फिल मिकलसन, दोघेही लिव्हचे. सगळे एकत्र खेळताना बघायला मिळणं प्रेक्षकाच्या दृष्टीने त्या वर्षी फार मोलाचं होतं.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे हौशी खेळाडूंचा मान. बॉबी जोन्स हा त्या काळचा मोठा गोल्फर, स्पर्धांमधून निवृत्त होईपर्यंत हौशीच राहिला, त्यानेच क्लिफर्ड रॉबर्ट्सबरोबर फ्रूटलँड नर्सरीची ३६५ एकर जागा घेऊन हा क्लब काढला, त्यामुळे अमॅच्युअर पोरांना आमंत्रण देण्याची प्रथा आजही आहे, क्लबहाऊसच्या माळ्यावर क्रोज नेस्ट म्हणून खोली आहे तिथे ती पोरं राहतात. वीस वर्षांचं पोरगं आदल्या रात्री तिथे झोपतं आणि सकाळी खाली उतरून थेट मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, खेळतं.

गिरीश_अ

मी सहा वर्षं अमेरिकेत होतो त्यात पाच वेळा प्रॅक्टिस राउंडच्या लॉटरीत नाव टाकलं, पाचव्या वेळी लागलं. वादात न पडता जे बघितलं तेवढं सांगतो.

गेटवर फोन काढून घेत नाहीत, आत आणूच देत नाहीत, गाडीत ठेवून यायचा. पार्किंग फुकट. पहिला अर्धा तास हात सारखा खिशात जात होता, मग विसरलो. हजारो माणसं आणि कोणीही मान खाली घालून उभं नाही, सगळे समोर बघतायत, एखादा पट (ग्रीनवरून होलमध्ये ढकलायचा हलका फटका) लागला की आवाज झाडांमधून लाटेसारखा येतो आणि लोक आवाजावरून ओळखतात की हा बर्डीचा (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) की ईगलचा (दोन कमी). कोणाला घरी फोन करायचा असेल तर भिंतीला ओळीने टेलिफोन लावलेत, तेही फुकट.

टीव्हीवर अजिबात कळत नाही ती गोष्ट म्हणजे उतार. १० नंबरच्या टीवर उभं राहिलो तर खाली दरी असल्यासारखं, ग्रीनपर्यंत (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) १०० फुटांच्या आसपास उतरतं ते, आणि १८ वर परत येताना माझ्या पोटऱ्या भरून आल्या. १२ नंबर, जो १५५ यार्डांचा छोटासा होल, तिथे एक सिनियर खेळाडू सराव करत होता, त्याने तीन बॉल मारले, तिन्ही वेळा वेगळी काठी, कारण वारा दर मिनिटाला फिरत होता, आणि तिसरा बॉल पलीकडच्या काठावर पडून हळूहळू घरंगळत रेज क्रीक या ओढ्यात गेला. तो हसला नाही की चिडलाही नाही, नुसता वर झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहिला. मला त्या एका मिनिटात गोल्फबद्दल जे कळलं ते दहा वर्षं खेळून कळलं नव्हतं.

पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलर. दीड! हिरव्या पिशवीत गुंडाळून देतात. अशा स्पर्धेत पाण्याची बाटलीसुद्धा परवडत नाही एरवी, इथे बाप दोन पोरांना घेऊन आला तरी खाण्यापिण्यात लुटला जात नाही. तर क्लब बंद असला तरी त्या आठवड्यात आत आलेल्या माणसाला ते पाहुण्यासारखं वागवतात, गिऱ्हाईकासारखं नाही, हा माझा अनुभव. त्यांच्याकडे प्रेक्षकाला प्रेक्षक म्हणतच नाहीत, पॅट्रन म्हणतात.

शैला

गिरीश, छान लिहिलंत, डोळ्यासमोर आलं. पण पाहुणचार चांगला म्हणून घराचे नियम चांगले असं नाही ना होत.

२००२ मध्ये महिला संघटनांच्या नेत्या मार्था बर्क यांनी क्लबला पत्र लिहून महिला मेंबर घ्या म्हणून सांगितलं, तेव्हाचे चेअरमन हूटी जॉन्सन यांनी जाहीर उत्तर दिलं की आम्ही आमच्या वेळेने ठरवू, बंदुकीच्या संगिनीच्या टोकावर नाही. २००३ आणि २००४ ला प्रायोजकांवर दबाव येऊ नये म्हणून जाहिरातीच काढून टाकल्या आणि स्पर्धा बिनजाहिरातीची दाखवली. दूरचा_प्रेक्षक म्हणतात ना की खाजगीपणामुळे ते पैशाला बांधलेले नाहीत, बरोबर आहे, पण तेच स्वातंत्र्य तेव्हा बायकांना बाहेर ठेवायला वापरलं गेलं. कॉन्डोलिझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन महिला मेंबरना घ्यायला त्यानंतर आणखी आठ वर्षं.

आणि तरी, निरंजन, तुमच्या पुतणीला मी २०१९ ची एक मॅच दाखवा म्हणेन. ऑगस्टा नॅशनल विमेन्स अमॅच्युअर, पहिलंच वर्ष. पहिले दोन राउंड दुसऱ्या कोर्सवर आणि फक्त शेवटचा राउंड ऑगस्टावर. जेनिफर कुपचो आणि मारिया फासी एकत्र खेळत होत्या. आठव्या होलपाशी कुपचोला मायग्रेनचा झटका आला, नजर धूसर झाली, पट वाचता येईना. ती थांबली नाही, तशीच खेळत राहिली, आणि मग १३ वर ईगल, १५ ला बर्डी, १६ ला बर्डी, १८ ला बर्डी, ६७ फटक्यांत राउंड संपवून जिंकली. मी ते बघताना रडले, खोटं कशाला सांगू. त्याच कोर्सवर, त्याच ग्रीनच्या मागे लोक उभे, तीच गर्जना, आणि ती एका मुलीसाठी. मी लहान असताना हे बघितलं असतं तर कदाचित खेळ सोडला नसता.

पण यातही एक काटा आहे. ही स्पर्धा त्यांनी ज्या आठवड्यात ठेवली त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियात महिलांच्या व्यावसायिक गोल्फची वर्षातली पहिली मेजर असायची, वर्षानुवर्षांची. साहजिकच उत्तम हौशी मुलींना दोन्हीतलं एक निवडावं लागलं आणि टीव्हीचं लक्षही ऑगस्टाकडे गेलं. शेवटी ती मेजरच कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेली आणि तारीख पुढे सरकली. कॅलिफोर्नियातली ती शेवटची मेजर २०२२ मध्ये कोणी जिंकली माहितीये? कुपचोनेच. तर मोठं झाड सावली देतं हे खरं, पण त्याच्याखाली दुसरं रोप वाढायला त्रास होतो हेही खरं. एकच राउंड का, चारही का नाही, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे.

हिरवळ

मी बरीच वर्षं कोर्स मेंटेनन्समध्ये काम केलंय त्यामुळे फक्त गवतावर बोलतो, बाकी विषय तुम्ही जास्त जाणता.

आमच्या धंद्यात ऑगस्टा सिंड्रोम असा शब्दच आहे. एप्रिलमधला तो आठवडा झाला की सोमवारी मेंबर लोक येऊन विचारणार, आपले ग्रीन तसे का नाहीत, आपला फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) तसा का नाही, तिकडे एक पिवळी काडी दिसली नाही. त्यांना समजावून समजावून थकलो की अहो तो कोर्स उन्हाळ्यात मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच असतो, बर्म्युडा गवतावर दर हिवाळ्यापूर्वी रायग्रास या गवताचं बी पेरतात म्हणून एप्रिलला एवढा गडद दिसतो, ग्रीनच्या खाली पाइप आणि पंखे बसवलेत जे मातीतलं पाणी खेचून घेतात, त्याला सबएअर म्हणतात. आणि अख्खं वर्ष या एका आठवड्याच्या तयारीत. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक खेळतात अशा कोर्सला हे झेपणार कसं? पण कमिटी ऐकते कोणाचं, पाणी वाढवा, खत वाढवा, माणसं वाढवा, आणि तो खर्च शेवटी फीमध्ये येतो, आणि फी वाढली की सगळ्यात आधी कोण गळतो तर नवीन शिकणारा.

गंमत नाही सांगत, कळकळीने सांगतोय, गोल्फ हा तपकिरी, टणक जमिनीवरसुद्धा उत्तम खेळला जातो, उलट बॉल घरंगळतो म्हणून जास्त डोकं लागतं. ॲलिस्टर मॅकेंझीने जोन्सबरोबर ऑगस्टाचा आराखडा केला तेव्हा त्यात बंकर (वाळूचे खड्डे) अगदी मोजके होते, रफ (वाढवलेलं गवत) जवळपास नव्हताच, साध्या माणसालाही खेळता यावा आणि मोठ्या खेळाडूला विचार करावा लागावा असा हेतू. ते डिझाइन जगाने उचलायला हवं होतं. उचलला तो नुसता हिरवा रंग. मॅकेंझी तर १९३४ च्या जानेवारीत गेला, पहिली स्पर्धाही त्याने बघितली नाही.

दूरचा_प्रेक्षक

हिरवळ, हा मुद्दा मला माहीतच नव्हता, मान्य. शैलाताई, तुमचाही मान्य.

फक्त एक जोडतो. २००९ पासून त्यांनी आर अँड ए (गोल्फचे नियम ठरवणारी ब्रिटनमधली संस्था) आणि आशिया-पॅसिफिकच्या संघटनेबरोबर एक हौशी स्पर्धा सुरू केली, आशिया-पॅसिफिक अमॅच्युअर, जिंकेल त्याला मास्टर्सचं आमंत्रण. २०१० ला ती हिदेकी मात्सुयामाने जिंकली. २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये भूकंप-त्सुनामी झाली, तो सेंदाईच्या कॉलेजात शिकत होता, मास्टर्सला जावं की नाही या विचारात होता, गेला, आणि तिथे हौशींमध्ये पहिला आला. दहा वर्षांनी २०२१ ला तो मास्टर्स जिंकला, मेजर जिंकणारा पहिला जपानी पुरुष. शेवटी १८ वर त्याच्या कॅडीने (खेळाडूची बॅग उचलणारा, सल्ला देणारा मदतनीस) झेंडा परत होलमध्ये लावला, टोपी काढली आणि रिकाम्या फेअरवेकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. तसंच चीनचा ग्वान तिआनलांग, याच वाटेने २०१३ ला आला, १४ वर्षांचा, संथ खेळाबद्दल एका स्ट्रोकची शिक्षा बसली तरी कट पार केला, म्हणजे दोन राउंडनंतर पुढे खेळायला पात्र ठरला. दार बंद असतं तर ही पोरं कुठून आली असती?

सदानंद

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. दूरचा_प्रेक्षक, तुमच्या शेवटच्या वाक्याला धरूनच बोलतो. तुम्ही क्लबच्या बाजूने जेवढी उदाहरणं दिलीत ना, हौशी पोरं, मात्सुयामा, लिव्हवाल्यांना आमंत्रण, ती सगळी दार उघडल्याची उदाहरणं आहेत. खेळाचं भलं त्या त्या वेळी झालं. दार बंद असताना काय झालं तेही बोलूया, कारण त्याची किंमत खऱ्या माणसांनी मोजली.

चार्ली सिफर्ड, कृष्णवर्णीय गोल्फर. १९६७ ला हार्टफर्डची स्पर्धा जिंकला, १९६९ ला लॉस एंजेलिस ओपन जिंकला. पीजीए टूरवर दोनदा जिंकलेला माणूस, मास्टर्सचं आमंत्रण कधीच आलं नाही. पुढे टूरवरची स्पर्धा जिंकणाऱ्याला आपोआप आमंत्रण असा नियम झाला तेव्हा ली एल्डरने १९७४ ला पेन्साकोलाची स्पर्धा जिंकून ते मिळवलं आणि १९७५ ला तो तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. धमक्या येत होत्या म्हणून त्याने गावात दोन घरं भाड्याने घेतली होती, रोज कुठे झोपणार ते कळू नये म्हणून. कट हुकला त्याचा. पण असा विचार करा, रात्री घर बदलत राहायचं आणि सकाळी त्या ग्रीनवर पट मारायचा.

आणि कॅडी. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये प्रत्येक खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागायचा आणि ते सगळे ऑगस्टातले कृष्णवर्णीय पुरुष, बरेचसे लहानपणापासून तिथे काम करणारे. ग्रीनचा चढउतार त्यांच्या पायांना पाठ. निकलस, पामर, प्लेयर यांच्यासारखे दिग्गज जिंकले ते यांनी ग्रीनचा उतार वाचून सांगितला म्हणून. १९८३ पासून खेळाडूंना आपापला कॅडी आणायची मुभा मिळाली आणि दोनचार वर्षांत यांच्यातले बहुतेक घरी बसले. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर नियम योग्यच, बाकी सगळीकडे तो आपल्या कॅडीबरोबर खेळतो. पण त्या माणसांचं काय, यावर फार कोणी विचार केला नाही. कार्ल जॅक्सन टिकला कारण बेन क्रेनशॉने त्याला सोडलं नाही. १९९५ ला क्रेनशॉ आपल्या गुरूच्या, हार्वी पेनिकच्या अंत्यविधीहून बुधवारी परत आला. त्याआधी सरावात बॉल काही नीट बसत नव्हता, तर जॅक्सनने त्याला सांगितलं की बॉल जरा मागे घे आणि खांदे घट्ट वळव. चारपाच बॉलमध्ये फरक पडला. रविवारी जिंकल्यावर क्रेनशॉ १८ च्या ग्रीनवर तोंड झाकून कमरेत वाकला तेव्हा मागून येऊन ज्याने त्याला धरलं तो जॅक्सन. शिकवणारा, सावरणारा माणूस त्या कोर्सचा, आणि त्याच्यासारख्याला त्या क्लबात मेंबर म्हणून बसायला १९९० उजाडावं लागलं. तेही शोल क्रीक या दुसऱ्या क्लबचं, कृष्णवर्णीयांना मेंबर न करण्याचं प्रकरण गाजलं, प्रायोजक मागे हटायला लागले, तेव्हा.

एक गोष्ट मात्र क्लबच्या बाजूने मनापासून सांगायची. ऑगस्टात म्युनिसिपल कोर्स आहे, सगळे त्याला द पॅच म्हणतात, कमी पैशात खेळायची जागा. १९६० च्या दशकापर्यंत तोही गोऱ्यांपुरताच होता, नंतर तिथे कॅडी लोक खेळायला लागले, तिकडे जाणाऱ्या रस्त्याला आज जिम डेंट या ऑगस्टात वाढलेल्या, कॅडीपासून सुरुवात केलेल्या खेळाडूचं नाव आहे. हा कोर्स अगदी डबघाईला आला होता. त्याच्या नूतनीकरणात ऑगस्टा नॅशनल उतरलं, टॉम फाझिओ आणि बो वेलिंगचा नवा आराखडा, शेजारी टायगर वुड्सच्या मंडळींनी आखलेला ९ होलचा छोटा कोर्स, आणि तिथल्या टेक्निकल कॉलेजच्या मुलांना कोर्स सांभाळायचं शिक्षण. माझ्या मते क्लबने गोल्फसाठी केलेल्या सगळ्या कामात हे सगळ्यात मोलाचं. तिथे आमंत्रण लागत नाही.

शैला

सदानंदजी, एल्डरचं पुढचंही लिहा ना, २०२१ चं.

सदानंद

लिहितो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये क्लबने त्याच्या नावाने पेन कॉलेजात, ऑगस्टातल्याच, गोल्फच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, एक मुलाला एक मुलीला, मुलींचा संघच नव्हता तर तो उभा करायचा खर्चही उचलला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये स्पर्धा सुरू करायला निकलस आणि प्लेयर यांच्याबरोबर त्याला पहिल्या टीवर बोलावलं. ८६ वर्षांचा होता, नाकात ऑक्सिजनची नळी, बॉल मारण्याइतकी ताकद नव्हती. खुर्चीत बसला होता, नाव पुकारल्यावर ड्रायव्हर हातात धरून उभा राहिला आणि लोकांना अभिवादन केलं. लोक कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. त्याच नोव्हेंबरात गेला. १९७५ ला जे द्यायला हवं होतं ते ४६ वर्षांनी दिलं, दिलं याचं मला बरं वाटतं आणि उशिराचा राग काही केल्या जात नाही, दोन्ही एकदम.

निरंजन_७

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल पुतणीला कुपचोचे शेवटचे सहा होल दाखवले आणि नंतर एल्डरचं वाचून दाखवलं. कुपचोच्या वेळी ती सोफ्यावर उभी होती. एल्डरचं ऐकून बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं की त्या कॅडी लोकांना आता तिथे खेळू देतात का? मी म्हटलं विचारून सांगतो.

सदानंदजी, त्यातल्या जुन्या कॅडींबद्दल, कार्ल जॅक्सनबद्दल अजून काही माहीत असेल तर प्लीज लिहा. ती वाट बघतेय.